काउंटरमागची भिंत

"मॅडम, पैसे काढायला आल्या असाल तर बँक कधीचीच बंद झाली. जेवायला आल्या असाल तर थांबा... दोन महिने!"

पावसानं भिजलेली ओढणी पिळत मी वर पाहिलं. शिडीवर बसलेला, केसांत चुना, आणि हसू मात्र सगळ्या गोंदियाला पुरेल एवढं. हा हिमांशु. ती जुनी दगडी बँक भाड्यानं घेऊन तिचं रेस्टॉरंट करत होता.

"मी रंगकामाला आली. कामठ्याची भूमेश्वरी."

"मग उशीर काऊन केला? सकाळपासून वाट पाहून राहिलो ना!"

"रंगाची का माझी?"

तो शिडीवरून पडता पडता वाचला.

खरं मी त्याला सांगितलं नाही. हे काम मी मागून घेतलं होतं, ते काउंटरमागच्या भिंतीसाठी. १९९९ च्या दरोड्यात इथल्या गार्डला मारून गेलेली गोळी त्या भिंतीत घुसली होती. तो गार्ड म्हणजे माझे बाबा. मी नऊ वर्षांची होते, शेवटचं तोंडही कुणी पाहू दिलं नाही. त्या भोकावर बोट ठेवलं की वाटायचं, बाबा इथं होते... इथंच.

दुपारी हिमांशुच्या डब्यातली भाजी मी संपवायची. माझ्या गालावरचा रंग तो पुसायचा—आणि पुसायला उगाच वेळ लावायचा. मी प्रेमात पडले, आणि त्या प्रेमाची मला लाजही वाटायची. बाबा पडले तिथं मी हसत होते.

एकदा तो उत्साहानं म्हणाला, "या गोळीच्या खुणेवर काच लावतो, वर लाईट. लोक फोटो काढतील!"

"कायले? तमाशा आहे का तो?" मला रडू फुटलं. "माह्या बाबाले लागली ते गोळी!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा होता. बोटं चुन्यानं सोललेली.

"भूमे, आता कोणी पाहणार नाही. ते भोक मीच बुजवलं, दुसऱ्या कोणाले हात लावू दिला नाही. तुले त्रास नको म्हणून... मले तू आवडतेस. लग्न करशील?"

मी आत धावले. भिंत गुळगुळीत होती. मी हात फिरवला... वर, खाली, पुन्हा वर.

"कुठं होतं, हिमांशु?"

त्यानं बोट ठेवलं. मग जरा डावीकडे सरकवलं. मग तोही थांबला.

माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्यानं केलं तेही प्रेमानंच, म्हणून तर मला ओरडताही येईना. त्याचा हात मी एकदा घट्ट धरला... आणि सोडला. उरलेल्या भिंती दुसऱ्या कोणाकडून रंगवून घे, एवढंच सांगून मी बाहेर पडले.