कॉम्प्युटरचं झबलं

खासबागेत पारमिताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दिवाळीनंतर एका दुपारी नागेंद्र स्कूटरवरून कॉम्प्युटरची पेटी घेऊन आला, तिनं मान वर केली... आणि झालं, तेवढंच निमित्त! वडगावचा मागवाला, साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढणारा. डोळे असे हसरे, की हातातला स्क्रू कुठं ठेवला तेच हिला आठवेना.

संक्रांतीपर्यंत त्याच कॉम्प्युटरची मेमरी तीनदा गेली. मधल्या काळात चहा झाले, राजहंसगडावर फिरणंही झालं. पण घरी आपलं कधी सांगणार म्हटलं, की हा नुसता — "सांगतो की... जरा थांब."

तिसऱ्या खेपेला ती स्वतःच वडगावला गेली. घरात असं काय होतंय, बघू तरी!

त्याच्या आईनं, मालुबाईंनी, कौतुकानं सगळं दाखवलं. पॉलिस्टर साडीच्या उरल्या तुकड्याचं, जरीकाठाचं झबलं शिवलेलं कॉम्प्युटरला! पेटीचं झाकण काढून त्याच झबल्यानं रोज आतली धूळ पुसायची.

"हे घे, तुझ्या दुकानातल्यालाबी शिवलंय."

पारमितानं झबलं हातात घेतलं. खरं बोलावं तर सासूबाई व्हायच्या आधीच रुसायच्या! पण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"मावशी, लई देखणं हाय. पण थंडीत हे कापड घासलं की वीज साठती. अंगावरनं काढताना चटचट वाजतंय न्हवं? तीच मेमरीला मारती. झाकण बंदच ठेवा. आम्हीसुद्धा आधी पेटीच्या लोखंडाला हात लावतो, मगच आत हात घालतो."

मालुबाई दोन्ही झबली उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

नागेंद्र पुटपुटला, "पहिल्या दिवशीच तू मला सांगितलं हुतंस गं... पॉलिस्टर लावू नको म्हणून. आईला सांगायचं धाडसच झालं न्हाय."

पारमिताला हसू आलं, रागही आला. "एवढंसं कापड नको म्हणायला तुझी जीभ रेटत न्हाय — मग माझं नाव कधी सांगणार रं?" जायला म्हणून तिनं पिशवी उचलली.

नागेंद्रचा चेहरा लालेलाल. तसाच उठला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई... कापडाचं मला ठाऊक हुतं, बोललो न्हाय. पण हे आज बोलतो — मला पारमिताशीच लगीन करायचंय."

आत भांडं वाजलं. पारमिता उंबऱ्यातच थबकली.

"माझ्या तोंडावर खरं बोलणारं एक तरी माणूस ह्या घरात आलं म्हणायचं!" मालुबाई बाहेर आल्या. डोळे ओले, पण ओठांवर हसू. "आणि तू रं, इतके दिवस मूग गिळून बसलेलास व्हय? बस गं पोरी. चहा घेऊनच जायाचं."

पारमिता बसली. नागेंद्रकडं तिरकं बघत म्हणाली, "चहा ह्यालाच करू दे की, मावशी... आता धाडस आलंय तर!"