आईने ‘झालं’ म्हणेपर्यंत

हे घडलेलं आहे. जेवढं ऐकलं आणि पाहिलं तेवढंच लिहिते. जे मला समजलं नाही, ते समजल्याचा आव आणणार नाही.

मी रसायनशास्त्र शिकले. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी विचारते, खिडकी उघडी होती का?

म्हणून आधीच सांगते. खिडकी बंद होती.

आणि रात्रही नव्हती. आमच्याकडे जे झालं ते भर दुपारी झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या लहानशा घरात, खाली शाळेच्या बस थांबत असताना, चहाचं आधण ठेवायच्या सुमाराला.

माझी थोरली बहीण व्हायोलिन वाजवायची. मोठमोठ्या सभागृहांत, मागे वाद्यवृंद बसलेला आणि पुढे ती एकटी उभी. घरी मात्र ती चष्मा शोधत फिरणारी आणि दूध उतू घालवणारी ताईच होती. मी म्हणायचे, तुझ्या हातात व्हायोलिन सोडून काहीही दिलं की फुटतं. ती म्हणायची, म्हणून तर दुसरं काही हातात घेत नाही.

ते खूप जुनं व्हायोलिन तिच्या मालकीचं नव्हतं. इतकी जुनी वाद्यं वादकांना परवडत नाहीत. एका संस्थेने ते तिला वाजवायला दिलं होतं. तिचं वाजवणं संपलं की ते पुढच्या वादकाकडे जायचं, असा करार होता.

चाळिशीनंतर तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळायला लागली.

फक्त वाजवताना. कप धरताना सरळ, भाजी चिरताना सरळ. तारेवर ठेवली की तळव्याकडे ओढली जायची. डॉक्टर म्हणाले, बोटांत काही दोष नाही. तीच हालचाल वर्षानुवर्षं केल्याने मेंदूतल्या त्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्या आहेत. खात्रीचा उपाय नाही.

आईने एकच विचारलं. जास्त सरावाने झालं का हे?

“सरावानेही होतं,” डॉक्टर म्हणाले.

परतताना आई वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

ताईचे कार्यक्रम थांबले. ती संध्याकाळी शिकवायला जाऊ लागली. पण दुपारी आतल्या खोलीचं दार लावून ती एकच ओळ वाजवत बसायची. संथ ओळ. हळूहळू वर चढणारी. सगळ्यात वरचा सूर करंगळीने घ्यायचा. तिथे ती मोडायची. मग पुन्हा पहिल्यापासून. हा सूर लागला की मी परत उभी राहीन, असं तिने मनाशी धरलं होतं. वसंतात एका सभागृहाने तिला तारीखही दिली होती.

ती थंडीत गेली. फुप्फुसात रक्ताची गुठळी. शिकवायला निघाली होती, बसथांब्यावर खाली बसली, ती उठली नाही. व्हायोलिन पाठीला होतं. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

पेटी आम्ही तिच्या पलंगावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रजेवर होते. आई त्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून विणत होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

आणि आतून…

तारा जुळवल्याचा आवाज आला.

मग ओळ सुरू झाली. संथ. वर गेली. आणखी वर.

मोडली.

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आईच्या सुया मात्र चालूच होत्या.

मी दार उघडलं. आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. पेटी बंद, दोन्ही खटके लावलेले. मी ती उघडली. व्हायोलिन जागेवर होतं. पण ते वाजवायचा गज…

गजाचे केस ताणलेले होते.

वाजवून झालं की वादक गजाचा स्क्रू फिरवून केस सैल करतो. न केले तर काठी वाकते. ताई हे कधी विसरली नाही. ती गेली त्या दिवशी दवाखान्यात मीच पेटी उघडून पाहिली होती. केस सैल होते.

हवा कोरडी झाली की केस आखडतात. मी तेच कारण धरलं. केस सैल केले आणि प्रयोगशाळेतलं आर्द्रतामापक पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी आकडा होता तिथेच होता. केस मात्र…

ताठ.

मग मी फोनवर आवाज घेतला. दुपारभर मला ओळ ऐकू येत होती. नंतर लावून पाहिलं तर व्हायोलिन त्यात नव्हतंच. खालच्या बस होत्या, सुयांची टकटक होती. पण ठरावीक अंतराने आईचा सुस्कारा होता. ओळ जिथे जिथे मोडली, बरोबर तिथे.

म्हणजे भास माझा एकटीचा नव्हता.

मी आईला विचारलं, तुला ऐकू येतं का?

“न यायला काय झालं? कान शाबूत आहेत माझे.”

कधीपासून, तर ती गेली त्या आठवड्यापासून. मला का सांगितलं नाहीस, तर तू लगेच नळ्या-बाटल्या घेऊन आली असतीस. भीती वाटत नाही का, असंही मी विचारलं. आईने विणकामातून मान वर केली.

“माझ्याच पोरीची?”

खरं सांगायचं तर मलाही सवय झाली. ताई गेल्यापासून आई जेवत नव्हती, ती दोन घास खाऊ लागली होती. दुपार झाली की केस विंचरून खुर्चीत बसायची. घरात कुणीतरी परत आल्यासारखं होतं ते.

मग संस्थेचा निरोप आला. व्हायोलिन नव्या वादक मुलीला द्यायचं ठरलं होतं. तपासणीसाठी त्यांचा कारागीर आला. ताई त्याला वैद्यबुवा म्हणायची, कारण तो वाद्याची नाडी बघितल्यासारखा कान लावून बसायचा. त्याने व्हायोलिन उलटंसुलटं केलं, तारांखालची पांढरी भुकटी बोटाने पुसली. ती राळेची होती. गजाच्या केसांना राळ लावतात, ती वाजवताना खाली झडते.

“मॅडम, हे रोज वाजतंय,” तो म्हणाला. “बंद पडलेल्या वाद्याचा आवाज झोपतो. हा झोपलेला नाही. तुम्ही वाजवता?”

मी म्हटलं, मला दाराची बेलसुद्धा सुरात वाजवता येत नाही. तो हसला नाही. पहिल्या तारेखाली, बोटं ठेवायच्या लाकडी पट्टीवर, सगळ्यात वरचा सूर लागतो तिथे ताजी झीज होती. एकाच जागी. तो तिथे बराच वेळ अंगठा ठेवून होता. मग, पुढच्या आठवड्यात न्यायला येतो, एवढं बोलून चहा न घेताच गेला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तिच्या हातातून काढून घेणार तुम्ही ते?” तिने मला विचारलं.

त्या आठवड्यात मी आतल्या आवाजाकडे नीट लक्ष दिलं. तेव्हा मला जे आधीच कळायला हवं होतं ते कळलं. ओळ कधीच पुरी होत नव्हती. एकदाही नाही. आणि मोडल्यानंतर, पुन्हा सुरू होण्याआधी…

कुणीतरी दातांतून श्वास ओढायचं. हात दुखल्यावर ओढतात तसा.

मी आईजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं, “आई, ती आपल्यासाठी वाजवत नाहीये गं. तिची करंगळी अजून वळतेय. मेल्यावरही तिचा हात दुखतोय.”

आईने सुया मांडीवर ठेवल्या. मग म्हणाली, “मला ठाऊक आहे.”

आणि तिने जे सांगितलं, त्यातलं अर्धं मी लहानपणापासून बघत आले होते. ताई सहा वर्षांची असल्यापासून आई तिला खोलीत सरावाला बसवायची आणि स्वतः दाराबाहेर बसायची. आईला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. वाजवणं मध्ये अडखळतं का, तेवढंच तिला कळायचं. ते अडखळायचं थांबलं की ती म्हणायची, “झालं, ये बाहेर.” त्याआधी ताईने उठायचं नाही. बाहेर आली की ती आईच्या मांडीवर हात ठेवायची आणि तारांनी कापलेली बोटं आई चोळून द्यायची. ताई मोठी झाली, नावारूपाला आली, तरी घरी असली की आतून ओरडायची, आई, झालं का? घरी आलेले लोक हसायचे. आम्हीही हसायचो. पण आईने म्हटल्याशिवाय ती खरंच उठायची नाही.

फक्त त्या शेवटच्या दिवशी उठली. क्लासला उशीर होत होता.

“मी म्हटलं नव्हतं तेव्हा,” आई म्हणाली. “आणि नंतरही म्हटलं नाही. मुद्दाम.”

“का?” मी विचारलं.

“म्हटलं तर थांबेल गं ती. मग मी दुपारी काय ऐकू?”

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

वैद्यबुवा संध्याकाळी येणार होता, त्या दुपारी आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. आईने विणकाम घेतलंच नव्हतं. ओळ सुरू झाली. मोडली. श्वास. पुन्हा सुरू झाली. मोडली. पुन्हा. खाली बस आल्या, मुलं उतरली, बस गेल्या. पुन्हा. आईचे ओठ हलायचे आणि मिटायचे. एकदा वाटलं, आता म्हणेल. तिने तोंडावर पदर धरला.

ओळ परत वर चढू लागली. वरच्या सुराच्या जरा आधी आईने पदर खाली घेतला.

“झालं,” ती म्हणाली. “झालं गं बाळा. छान झालं. ये बाहेर.”

आवाज तिथेच थांबला. मोडला नाही. थांबला.

मग आत…

पेटीचा एक खटका वाजला. मग दुसरा.

आणि दाराची मूठ खाली झाली.

दार सावकाश उघडलं. दारात कुणी नव्हतं. मला तरी दिसलं नाही. आईने दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. तिच्या मांडीवरची शाल मधोमध जराशी दबली. मग तिचे अंगठे हलायला लागले. हळूहळू, मुळापासून टोकाकडे, जणू त्यांच्यात काहीतरी धरलेलं होतं.

मी हात पुढे केला नाही. का, ते माझं मलाच माहीत नाही.

वैद्यबुवाने संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा केस सैल होते. त्याने मुकाट्याने ती बंद केली आणि घेऊन गेला. जिना उतरतानाचे त्याचे पाय आई ऐकत होती. नंतर तिने मला, भाजी टाकू का, असं विचारलं.

त्यानंतर त्या खोलीतून आवाज आला नाही. गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

आई अजून दुपारी त्याच खुर्चीत बसते. हात उताणे, अंगठे चालू. एकदा मी न राहवून विचारलं, काय करतेस?

“बोटं सरळ करतेय. एक झालं. करंगळी राहिलीय.”

“ती झाली की?”

“की निघू म्हणते ती.”

मी म्हटलं, बरं आहे की. जाऊ दे तिला.

आईने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

“आम्ही दोघी गं.”

आईची प्रकृती ठणठणीत आहे. मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कुठेही काही नाही.

तेव्हापासून मी रोज दुपारी कामावरून घरी फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, करंगळी कशी आहे? आई म्हणते, “वळतेच आहे अजून.” मग मी फोन ठेवते आणि कामाला लागते. मला बरं वाटतं. माझ्या बहिणीचं बोट अजून दुखतंय, आणि मला बरं वाटतं.

काल आई म्हणाली, “आज बरीच सरळ आहे गं.” किती दिवसांनी तिच्या आवाजात आनंद होता.

आज मी रजा घेतली आहे. आई आत केस विंचरते आहे. मी दुसरी खुर्ची आणून तिच्या खुर्चीला चिकटवून ठेवली आहे.

दुपार व्हायला अजून थोडा वेळ आहे.