चिंगीला किती झाली?

सोहम, दात काढू नकोस. चैत्राली, ते दार लोट आणि इकडे बस. ऐकीव गप्पा नाहीत या. अंबरनाथच्या फॅक्टरीत हिरामण कित्येक वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. थाप मारायची अक्कलच नव्हती त्या माणसाला.

आठ डिसेंबर दोन हजार सात, शनिवार. ड्यूटी सुटल्यावर हिरामणनं मेडिकलमधून डेटॉल, कापूस आणि नवं ब्लेड घेतलं आणि बदलापूरला घरी गेला. बेलवलीत बैठं घर होतं त्याचं. त्याची कुत्री चिंगी सकाळपासून काही खात नव्हती, नुसते कोपरे उकरत होती. पहिलटकरीण ना! नवरा-बायकोला मूलबाळ नाही, त्यामुळं सगळा जीव चिंगीवर. कुमुदिनीवहिनींनी मागच्या खोलीत गोधडी अंथरून ठेवली होती.

शेजारी जनू राहायचा. महा खडूस. गल्लीतली कुत्री व्याली की हा पिल्लं पोत्यात भरायचा आणि नदीत सोडून यायचा. चिंगीचं पोट दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "किती झाली तेवढं सांग, पुढचं मी बघतो." दोघांनी एकमेकांची कॉलर धरली होती त्यावरून. पण त्या आठवड्यात जनू उल्हासनगरला दवाखान्यात होता. हिरामण म्हणाला, चला, इडापिडा टळली.

रात्री जेवणं झाली आणि लाइट गेले. मेणबत्ती लावली. एक पिल्लू आलं, मग दुसरं, मग तिसरं. हिरामण एकेकाला फडक्यानं पुसायचा, नाळ दोऱ्यानं बांधून कापायचा. वहिनी म्हणाल्या, "अहो, बाप झालात की!" गडी लाजला.

तेवढ्यात मागच्या बंद खिडकीबाहेरून आवाज आला.

"हिरामण... किती झाली?"

जनूच. तोच घोगरा आवाज. हिरामणचं डोकं सटकलं. सोडलं वाटतं याला दवाखान्यातून! जागेवरूनच ओरडला, "तीन झाली! काय करशील रे?"

चिंगी खिडकीकडे बघून गुरगुरायला लागली. हिरामणनं खाली बघितलं तर पहिलं पिल्लू गार पडलेलं. आत्ता तर दूध शोधत होतं! चोळलं, तोंडात फुंकर घातली... गेलं ते.

थोड्या वेळानं चौथं आलं. परत तेच.

"किती झाली?"

"अहो, नका बोलू," वहिनी म्हणाल्या. पण रागापुढं कुणाचं ऐकतोय? "चौथंही झालं! ये, दारात ये, तंगडंच मोडतो!"

दुसऱ्या पिल्लानं मान टाकली.

आणि मोबाइल वाजला. जनूचा मुलगा, चंदर. रडत होता. "काका, बाबा गेले. संध्याकाळीच गेले. बॉडी अजून दवाखान्यातच आहे... तुम्ही येता का?"

हिरामणच्या हातातून फोन पडला. वहिनींनी विचारलं, काय झालं?

"हिरामण..."

आता खिडकीच्या फटीतून. अगदी जवळून.

"किती राहिली?"

दोन राहिली होती. कसाबसा म्हणाला, "एकही नाही..."

बाहेर शांत.

मग... "मग ही कुई कुई कुणाची?"

तिसरं पिल्लू ओरडत होतं. ओरडता ओरडता थांबलं. तिथंच.

शेवटचं हिरामणनं शर्टाच्या आत घातलं. इवलंसं तोंड बोटांनी दाबून धरलं. श्वास तेवढा घेऊ दिला. आणि रडत रडत त्याच्या कानात, "गप... बाळा, गप. गप रे माझ्या राजा..." चिंगीसुद्धा गप. वहिनींनी मेणबत्ती विझवली.

खिडकीची कडी हलली.

परत हलली...

उजाडेपर्यंत तिघं तशीच बसून होती. शर्टातलं जगलं. हिरामण त्याला काखेत घेऊन माझ्याकडे आला आणि लहान पोरासारखा रडला.

गुंड्या नाव ठेवलं त्याचं. चांगला दांडगा झाला. पुढच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला गेलो, अंधारात ओट्यावर चढताना बुटाचा पाय त्याच्या शेपटीवर पडला. सगळा भार. गुंड्या उसळला. जबडा वासला, दात दिसले, गळ्याच्या शिरा ताणल्या...

आवाज नाही.

हिरामण म्हणाला, "डॉक्टरला दाखवलं. गळा चांगलाय म्हणतो."