उत्तर मिळेपर्यंत

कपडे धुण्याच्या मशीनने काम संपल्याची शिट्टी दिली आणि दुपारची शांतता मोडली. विशाखाची बोटं की-बोर्डवर तशीच थांबली. पलंगावर जुईने कूस बदलली, एक पाय पांघरुणाबाहेर काढला आणि पुन्हा झोपली. पाच वर्षांच्या लेकीची झोप हेच विशाखाचं ऑफिस. ती उठली की ऑफिसला कुलूप.

विशाखा जी माहितीपुस्तिका लिहीत होती, ती एकही माणूस वाचणार नव्हता. तिचे वाचक होते कार्यदूत, म्हणजे दिलेलं काम आपलं आपण तडीस नेणारे बुद्धिमान प्रोग्राम. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचे फोटो गावोगावहून नाशिकच्या केंद्रात गठ्ठ्याने येत. कार्यदूत ते तपासत. कोणता फोटो कुठवर आला हे सांगायला ‘स्थितिवाचक’ नावाचं साधन होतं, आणि त्याच्या उत्तरावर पुढे काय करायचं हे विशाखाची पुस्तिका सांगायची. तिथे जे लिहिलं, तेवढंच त्यांना कळायचं.

पहिल्या आवृत्तीत स्थिती तीन होत्या: ‘रांगेत’, ‘वाचला’ आणि ‘बंद’. ‘बंद’ ही अगदीच वाया गेलेल्या फोटोंसाठी होती. पण कार्यदूतांना काम संपवायची ओढ. फोटो जरा धूसर दिसला की करून टाक बंद! त्यात एका बाळाच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत राहिल्या आणि कोणाला कळेपर्यंत त्याची दृष्टी गेली. त्यानंतर विशाखाने ‘बंद’ काढूनच टाकली. त्या जागी लिहिलं: ‘फोटो वाचता आला नाही, तर बाळ रांगेतच आहे असं समजा. रोज सकाळी घरी फोन करा. आधी बाळाची चौकशी करा, आईचीही करा, मग फोटोसाठी बोलवा. फोटो मिळेपर्यंत थांबू नका.’

चौकशीचं वाक्य नियमात बसत नव्हतं. तिने ते ठेवलं होतं. तेव्हापासून सुटलेली बाळं एकेक करून परत येऊ लागली होती.

फोन थरथरला. केंद्रातले प्रमुख अभियंता झुबेर मुजावर.

“जुई झोपली का? मग हळू बोलतो.”

“तुम्ही हळू बोललात तरी शेजारच्या बिल्डिंगला कळतं, सर. बोला.”

ते हसले नाहीत. “धडगावकडच्या आशाताईंची, तिथल्या आरोग्यसेविकेची, तक्रार आहे. जमुना वळवी म्हणून एक बाई आहे. पहिला फोटो धूसर आला, दुसरा काढायच्या आधीच बाळ गेलं. न्यूमोनिया. आणि आपला कार्यदूत रोज सकाळी फोन करून विचारतोय, बाळ कसं आहे.”

विशाखाने स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा वाचली. ते शब्द तिचेच होते.

“ती सांगत नाही का त्याला?”

“सांगते ना. पण ऐकून तो लिहिणार कुठे? आपल्याकडे स्थिती दोनच. वाचला नाही, म्हणजे रांगेत.”

“मग तिसरी घालते. ‘निधन’. आत्ता लिहिते.”

“आणि उद्या कोणी चार वेळा फोन उचलला नाही की?”

‘निधन’ टाइप करायला गेलेला तिचा हात मागे आला.

“कार्यदूत काय अनुमान काढेल?” मुजावर म्हणाले. “फोन लागत नाही, बाळ आणत नाहीत, म्हणजे गेलं असणार. काम संपलं! दार ठेवलंस की तो त्यातून बाहेर पडणार. ‘बंद’चं काय झालं, विसरलीस?”

“म्हणजे जिवंत मुलं सुटू नयेत म्हणून त्या बाईने रोज ते ऐकायचं?”

“तसं नाही गं. एक नाव आपण हाताने काढू शकतो. फक्त आईने स्वतः ‘काढा’ म्हणायला हवं. तूच विचार. मला नाही जमायचं.”

विशाखाने तोंडावर पाणी मारलं आणि मशीनजवळ उभी राहून फोन लावला. ओले कपडे बादलीत काढता यावेत, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“जमुनाताई, मी नाशिकहून बोलतेय. डोळ्यांच्या केंद्रातून.”

“आज दुसराच आवाज,” पलीकडून एक तरुण बाई म्हणाली. “सकाळी येऊन गेला तुमचा फोन.”

“त्याचसाठी बोलतेय. आमच्याकडून फार चूक झाली. तुमचं नाव मी काढून टाकते. पुन्हा फोन येणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

“कोणी सांगितलं काढायला?”

“आशाताईंनी कळवलं. तुम्हाला त्रास...”

“ती चांगली आहे. पण मला नाही विचारलं तिने.” जमुना म्हणाली. “ताई, घरात कोणी माझ्या लेकीचं नाव घेत नाही. सासू म्हणते, पुढचं बघ. नवरा उठून बाहेर जातो. तो फोन रोज विचारतो, जमुनाताई, बाळ कसं आहे, तुम्ही जेवता का. मी सांगते, गेली ती. तो म्हणतो, बरं, उद्या पुन्हा विचारेन.”

“ते मशीन आहे, ताई.”

“माहीत आहे. मी वेडी नाही झाले.” तिचा आवाज चढला नाही. “पण तिची आई म्हणून मला कोण फोन करतं? नका काढू.”

“कधीपर्यंत?”

“मी सांगेन ना. माझ्याकडे नंबर आहे की तुमचा.”

फोन ठेवल्यावर विशाखा भिंतीला टेकून खाली बसली. ज्या रकान्यात मृत्यूला जागा नाही म्हणून ती मघाशी शरमली होती, तिथेच एक आई रोज सकाळी आपल्या लेकीची आई होत होती. पुस्तिकेत आता भर घालायची नव्हती, आणि आहे ते बरोबर आहे असंही तिला म्हणवेना.

जुई दारात उभी होती, केस पिंजारलेले, बाहुलीचा हात धरून. कधीपासून, कोण जाणे. ती येऊन आईच्या मांडीवर बसली.

“त्या काकूंचं बाळ देवाघरी गेलं?”

“हो, राणी.”

“आणि काकू मशीनला रोज सांगतात?”

“हो.”

जुईने बाहुलीचे केस सारखे केले.

“आई, मशीनला कळतच नाही, की कळतं आणि तरी विचारतं?”