बाबांचं जाड तेल

त्याची नि माझी पहिली भेट झाली ती भांडणाच्या तयारीनं — अर्थात माझ्या. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या गाडीचं इंजिन ऑइल बदलायला आलं होतं आणि शाळेत शिकवायला जाताना वाटेत हे गॅरेज दिसलं. मी डिकीतला डबा काढून मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवला.

"हेच घाला."

त्यानं डब्यावरचा आकडा वाचला. "हे फार जाड आहे, मॅडम. या इंजिनाला पातळ लागतं."

"बाबांनी आणून ठेवलाय हा डबा. ते नेहमी हेच…" माझे डोळे भरून आले.

त्यानं डबा उघडला आणि तेच तेल घातलं.

गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात याचा हात कुणी धरू शकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. गॅरेजचा फोन सांभाळणारी त्याची मावशी म्हणाली, "चुकीचं तेल मागितलं म्हणून यानं सख्ख्या मामाला परत पाठवलंय!"

मी दर महिन्याला जाऊ लागले. तेलाची पातळी तपासायला, म्हणे. तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पुसायचा, परत बुडवून बघायचा.

"ठीक आहे."

"नीट बघा ना."

"तेल आहे, मॅडम. उतू जायला दूध नाही."

"मग येऊ नको का?"

"असं मी कुठं म्हटलं…"

थंडी पडली. ब्रेकच्या कामासाठी गाडी रात्रभर त्याच्याकडे होती. सकाळी त्यानं माझ्यासमोर ती सुरू केली — टक-टक-टक-टक! लगेच बंद केली. इंजिनाचं वरचं झाकण उघडून तो टॉर्चच्या उजेडात बराच वेळ बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"गार इंजिनात जाड तेल वरपर्यंत लवकर पोचत नाही. तोवर लोखंडावर लोखंड घासतं. बारीक चरे पडलेत. असंच चाललं तर इंजिन जाईल."

"पण बाबा…"

"त्यांची आधीची गाडी जुनी होती?"

"हो, खूप."

"झिजलेल्या इंजिनाला जाड तेल चालतं. सवय राहिली असेल." त्यानं टॉर्च बंद केला. "त्यांचं जाऊ द्या. मला माहीत होतं. तरी मी घातलं."

"का?"

"त्या दिवशी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही परत आला नसता."

"म्हणजे मी यावं म्हणून बाबांची गाडी झिजू दिलीत?"

"हो." त्यानं नजर चुकवली नाही. "तुम्ही आवडलात मला. पण हे माझं चुकलं."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्या रागातच कळलं, की मीसुद्धा पट्टी बघायला कधीच येत नव्हते.

"काढा ते तेल," मी म्हटलं.

खालचा बोल्ट सुटला. काळी धार ट्रेमध्ये पडू लागली. बाबांनी आणलेली शेवटची वस्तू डोळ्यांदेखत संपत होती. मी तिथंच उकिडवी बसून रडले. तो शेजारी बसून राहिला. धार थेंबांवर आली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "पातळ भरू?"

"भरा."

गाडी सुरू झाली. एकदाच टक झालं आणि इंजिन शांत फिरू लागलं.

"वाचलं," तो म्हणाला. "आता तेल वर्षानं बदलायचं. पट्टी घरीही बघता येते. दर महिन्याला… यायची गरज नाही." शेवटचे शब्द त्याच्या तोंडातून जेमतेम निघाले.

"परत कधी माझं मन राखायला चुकीचं काम कराल?"

"नाही."

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"मग उद्या मी चालत येते."