राजाचं हरवलेलं पान

"तोस्का, तुझा आरसा आण! पळ!" जिनेव्रा ओरडली.

"सकाळी सकाळी नट्टापट्टा?" तिचा भाऊ नेल्लो खिदळला.

"गप रे! हे बघ आधी!"

सुट्टीचे दिवस. मोंतेरिपा गावातल्या चर्चमागच्या खोलीत तिघं भावंडं एका जुन्यापुराण्या पुस्तकावर वाकली होती. एका राजाच्या अंत्यविधीचं ते पुस्तक. पानोपानी चित्रं : काळे घोडे, मेणबत्त्या, रडणारे सरदार. त्यातले निम्मे खोटंच रडत असणार म्हणा! पण सगळ्यात सुंदर चित्राचं पानच गायब होतं.

पुस्तक सांभाळायची त्यांची एर्सिलिया आत्या. इस्पितळातून परतली, पुस्तक उघडलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. उद्या शहरातून मोठ्या ग्रंथालयाच्या बाई येणार होत्या. पान मिळालं नाही, तर पुस्तक कायमचं घेऊन जाणार होत्या.

"समोरच्या कोऱ्या कागदावर पुसट ठसा आहे, दिसला?" जिनेव्रा कुजबुजली. "इतकी वर्षं चित्र याच्या गालाला गाल लावून झोपलं होतं ना! पण ठसा उलटा आहे."

तोस्कानं आरसा धरला. चित्र सुलटं झालं! मेणबत्त्यांचा मनोरा, वर मुकुट, चार कोपऱ्यांत चार सांगाडे. उजवीकडचा एक तुतारी फुंकत होता.

"अय्या! हे तर मारियाआईचं मखर!" धाकटी तोस्का किंचाळली.

"काहीतरीच!" नेल्लो म्हणाला.

"शप्पथ! सणासाठी सुतार बनवतोय ना, तेच! फक्त सांगाड्यांच्या जागी देवदूत आहेत!"

मखराची आखणी गास्तोनेकाकांची, सण समितीच्या अध्यक्षांची!

"ते जन्मात कबूल करणार नाहीत," नेल्लो म्हणाला.

"कबूल कशाला करायला हवंय? भांडायला लावू की!" जिनेव्रानं डोळा मिचकावला.

काका समितीच्या खोलीत टेबलाशी कलिंगड खात बसले होते. हनुवटीवरून रस ओघळत होता.

"काका, मखर चुकलंय हो!" जिनेव्रानं भोळा चेहरा केला. "तुतारीवाला देवदूत डावीकडे हवा."

"चूक? माझी? उजवीकडेच हवा तो!"

"कशावरून?"

"सारं गाव म्हणतंय डावीकडे!" नेल्लोनं तेल ओतलं.

"गावाला काय अक्कल! हे बघा!" काकांनी ताडकन टेबलावरचं मेणकापड उचललं. खाली पान!

"आणि काका," तोस्का गोड आवाजात म्हणाली, "मारियाआईला तुम्ही मेलेल्या राजाचं मखर दिलंत!"

काकांनी कलिंगडाची फोड खाली ठेवली. "पान सुटलेलंच होतं गं... एर्सिलिया इस्पितळात... फादरकडून खोलीची किल्ली घेतली... दोन दिवसांसाठी म्हणून... विसरलो." अध्यक्षपदाचा रेशमी पट्टा मात्र एकाही मिरवणुकीला विसरले नव्हते!

नशीब, वर मेणकापड होतं. पानावर एक डाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या बाई आल्या. गास्तोनेकाका टोपी हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. बाईंनी पान ठशासमोर ठेवलं. रेघ न् रेघ जुळली.

"शाब्बास पोरांनो!" त्या म्हणाल्या. "नुसत्या ठशावरून तुम्ही पान शोधलंत! तुमच्यापेक्षा जास्त काळजी आमचे पहारेकरी काय घेणार? पुस्तक इथेच राहू दे."

आत्यानं तोस्काला जवळ ओढलं आणि चित्राच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. गर्दीत एक बारकंसं पोर बापाच्या खांद्यावर बसलं होतं.

"तुझ्याएवढी होते तेव्हापासून बघतेय याला," ती म्हणाली. "सगळी माणसं राजाकडे बघतायत. हा एकटाच आपल्याकडे बघतोय."

"त्याचं नाव काय गं, आत्या?"

"मीच एक ठेवलंय. कुणाला सांगितलं नाही कधी." आत्यानं डोळे पुसले, आणि तिघांना जवळ यायची खूण केली. "या इकडे. कानात सांगते."