वेलिकाच्या बरण्या निवल्याच नाहीत

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण गेर्गिना माझी सख्खी मामेबहीण आहे आणि तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी आमच्या सगळ्या चोऱ्या तिच्या तोंडामुळेच उघडकीला यायच्या. तिनं जसं सांगितलं तसं सांगतेय, पदरचं काही घालत नाही.

गाव आमचंच. ओरेशेनो, व्रात्साच्या डोंगरापलीकडचं. तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. शनिवार होता.

आणि भर दुपार होती.

भुतं रात्री येतात म्हणे. इथे जे घडलं ते सगळं दिवसाढवळ्या घडलं. म्हणून तर मला अजून उन्हातही त्या घरावरून जाववत नाही.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे अंगणाअंगणात चुलाण पेटतं. त्यावर पत्र्याचं मोठं पिंप, पिंपात चिंध्यांत गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या. भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो, घेवडा, भरल्या मिरच्यांची भाजी, मटणाचा रस्सा. झाकणं आवळायची आणि उकळत ठेवायचं. मग हिवाळाभर चिंता नाही.

गेर्गिनाची सासू वेलिका या कामात गावाची पाटलीण होती. कच्चे टोमॅटो सोडायची नाही, कलिंगडाच्या सालीसुद्धा सोडायची नाही. विहिरीला बसेल असं झाकण मिळालं असतं, तर तिनं विहीरही भरून ठेवली असती!

"ठेवलं ते आपलं," ती म्हणायची. "राहिलं ते थंडीचं."

घरात तिघीच. वेलिका, गेर्गिना आणि गेर्गिनाची पाच वर्षांची मुलगी बिल्याना. गेर्गिनाचा नवरा क्रासेन स्पेनमध्ये, सारागोसाला गवंडीकामावर. त्यानं तिकडे घर बघितलं होतं. शरद संपायच्या आत दोघींना घेऊन जाणार होता.

त्या शनिवारी सकाळी त्यावरूनच सासू-सुनेचं वाजलं.

"पोर काय टोमॅटोचं रोप आहे, इथून उपटलं आणि तिथं लावलं?" मिरच्या सोलता सोलता वेलिका म्हणाली.

"आई, तिचा बाप तिथं आहे."

"बाप आहे, मान्य. पण तिथं तिला खायला घालणार कोण? तू? तुझ्या हातचा रस्सा कुत्रं हुंगून पुढे जातं."

"मग तुम्हीच चला की आमच्याबरोबर!"

"मी कुठे जाते? मी इथंच. आणि माझी नातही इथंच." वेलिकानं झाकण आवळायचं यंत्र उचललं. हातानं फिरवायचं, जुनं, लोखंडी. कर्र... कर्र... असा त्याचा आवाज.

गेर्गिना तणतणत मागच्या मळ्यात गेली. घेवड्याची टोपली भरून परत आली.

पिंप खदखदत होतं. वेलिका स्टुलावर बसलेली. यंत्र मांडीवर. डोळे उघडे.

हाक मारली... उत्तर नाही.

खांद्याला हात लावला... मान कलली.

शेजारची स्तांका मावशी धावत आली. सत्तरीची बाई, गावातल्या प्रत्येक मयताला पहिली हजर. डोळे मिटवले, मेणबत्ती लावली आणि लगेच हुकूम सोडला.

"घरातलं सगळं पाणी ओतून टाक. उघडं अन्न फेक. भांडी पालथी घाल. मरण घरात आलं की ते उघड्या भांड्यात तोंड धुतं, ठाऊक आहे ना?"

गेर्गिनानं सगळं केलं. घागरी ओतल्या, चुलीवरचं वरण ओतलं, पातेली पालथी घातली.

राहिलं पिंप.

"हेही ओत," मावशी म्हणाली.

"मावशी, त्या बंद आहेत की! झाकणं आवळलेली आहेत. बंद बरणीत काय शिरणार?"

"आवळलेली आहेत, कबूल. पण कधी आवळली? ती जायच्या आधी, की..."

मावशीनं वेलिकाकडे पाहिलं. वेलिकाचा हात अजून यंत्राच्या मुठीवर होता.

गेर्गिनानं पिंपाकडे पाहिलं. अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत होती ती. बिल्यानाच्या तोंडची भाजी होती. तिच्यानं ओतवेना. रडत रडतच तिनं बरण्या बाहेर काढल्या आणि तळघरात फळीवर मांडल्या.

चूक झाली ती इथंच.

वेलिकाला पुरताना स्तांका मावशीनं ते यंत्र शवपेटीत ठेवलं. "याच्याशिवाय तिला वर करमायचं नाही," म्हणाली. लोक रडता रडता हसले.

म्हणजे यंत्र जमिनीखाली गेलं. हे लक्षात ठेवा.

आजी गेली आणि बिल्यानाचं खाणं सुटलं. पाव नको, दूध नको, चीज नको. पोर काडीसारखी झाली. गेर्गिनाचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी एका दुपारी ती तळघरात उतरली. म्हटलं, आजीच्या हातच्या भरल्या मिरच्या तरी खाईल.

फळीवरची बरणी उचलली...

बरणी गरम होती.

चटका बसण्याइतकी नाही. नुकतंच कुणी हातात धरून खाली ठेवावी तशी. गेर्गिनाला वाटलं, तळघर उबदार असेल. तिनं शेजारच्या दारूच्या पिंपाला हात लावला.

गार. बर्फासारखं गार.

दुसरी बरणी बघितली. गरम. तिसरी, तीही गरम.

दफन होऊन महिना उलटला होता.

तिनं ती बरणी वर आणून उघडली. वाफ आली! आत्ता चुलीवरून उतरवल्यासारखी. वास तर असा की शेजारच्यांनीही मान वर करावी. आणि बिल्याना... धावत आली, बाकावर चढली आणि बोटं चाटून पुसून सगळं संपवलं.

तुम्ही आई असता तर काय केलं असतं? गेर्गिनानं तेच केलं. बरण्या गरम का, हे विचारायचं तिनं सोडून दिलं. रोज एक उघडू लागली.

पोरीचे गाल भरले. पण पोर गप्प होत गेली.

आधी दिवसभर कोंबड्यांमागे पळायची. आता चार पावलं चालली तरी बसायची. दम लागायचा तिला. आणि रोज जेवण झालं की दिसेनाशी व्हायची.

"कुठे होतीस गं?"

"आजीकडे."

गेर्गिनाला वाटलं, लेकरू आहे, थडग्याजवळ खेळत असेल. दफनभूमी मळ्यापलीकडेच होती. पोरीला रागवायचं तरी कसं?

निघायची तारीख ठरली. क्रासेनचा फोन आला, तिकिटं निघाली. गेर्गिना ओसरीवर बसून बॅग भरत होती. बाहेर लख्ख ऊन होतं. जरा वारा नव्हता.

आणि पायाखालून आवाज आला.

कर्र...

तिचे हात थांबले.

कर्र... कर्र...

तो आवाज तिनं लग्न झाल्यापासून प्रत्येक ऑगस्टमध्ये ऐकला होता. झोपेतही ओळखला असता.

"बिल्याना?"

अंगणात नाही. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ नाही. माडीवर नाही.

तळघराचं दार उघडं होतं.

गेर्गिना जिन्यावरून धडपडतच उतरली. बिल्याना फळीसमोर उभी होती, पाठमोरी. दोन्ही हातांत रिकामी बरणी धरलेली. तोंड बरणीत घातलेलं. आणि हळूहळू, मन लावून, ती त्यात श्वास सोडत होती.

हाऽऽ...

काचेवर धुकं धरत होतं.

"बिल्याना! काय करतेस?"

पोर वळली. ओठ पांढरेफटक. "आजीला देतेय."

"काय देतेस?"

"श्वास. आजी म्हणाली, स्पेनमध्ये वाया जाईल. थोडा इथं ठेवून जा म्हणाली."

गेर्गिनानं बरणी हिसकावली, फळीवर आदळली, पोरीला काखेत मारलं आणि जिन्याकडे वळली.

मागून आवाज आला.

कर्र...

तिनं मान वळवली. ती मान का वळवली, याचा तिला आजही पश्चात्ताप होतो.

फळीवरच्या बरणीला झाकण होतं. पक्कं आवळलेलं.

तळघरात दुसरं कुणी नव्हतं.

ती किंचाळत स्तांका मावशीच्या अंगणात शिरली. मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं, मीठ ओवाळलं, क्रूसाची खूण केली. मग जळती मेणबत्ती हातात घेऊन दोघी परत तळघरात गेल्या. मावशीची छाती मोठी, खरंच मोठी.

बरण्या जागेवर होत्या. पण आता सगळ्या गार पडल्या होत्या. हात लावला तर बोटं आखडावीत इतक्या गार.

आणि ती एक रिकामी बरणी...

नव्हती.

फळीवरच्या धुळीत फक्त गोल डाग होता.

दोघींनी तळघर पालथं घातलं. पिंपामागे पाहिलं, बटाट्याच्या ढिगात पाहिलं. सापडली नाही. संध्याकाळ व्हायच्या आत बाकीच्या सगळ्या बरण्या फोडून खड्ड्यात पुरल्या. वर चुना टाकला.

"आजीनं ती कुठे ठेवली गं, बाळा?" मावशीनं पोरीला गोडीत विचारलं.

"ठेवलीय," बिल्याना म्हणाली. "मी मोठी झाले की उघडायची."

चार दिवसांत त्या स्पेनला गेल्या.

सुरुवातीला सगळं छान. पोर खायला लागली, शाळेत रमली, तिकडची भाषा आईच्या आधी शिकली. गेर्गिना मला फोनवर म्हणायची, "झालं गेलं डोंगराला मिळालं."

मग वर्ष गेलं. पोरीचे कपडे तिला तसेच होत राहिले. गेर्गिनाला वाटलं, बारीक चणीची आहे, माझ्यावर गेलीय.

दुसरं वर्ष गेलं. वर्गातल्या मुली वीतभर उंच झाल्या. त्यांचे दुधाचे दात पडून नवे आले. बिल्यानाचा एकही हलला नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले. सगळं ठीक. "पाच वर्षांच्या मानानं तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले.

तिला तेव्हा सात वर्षं पूर्ण झाली होती.

या ऑगस्टमध्ये गेर्गिना एकटीच गावी आली. क्रासेननं तिला वेड्यात काढलं. "एका बरणीपायी एवढा प्रवास? पोरीला जीवनसत्त्वं दे," म्हणाला. तिनं ऐकलं नाही. स्तांका मावशीला घेऊन तिनं घराचं कुलूप काढलं.

तळघरात उतरायचा धीर होईना. पण उतरल्या.

फार शोधावं लागलं नाही.

बरणी फळीवर होती. जिथं तो गोल डाग होता, नेमकी तिथंच.

गेर्गिनानं तिला हात लावला.

गरम...

आत काहीच नव्हतं. पण काचेवर आतल्या बाजूनं धुकं धरत होतं. मग विरत होतं. पुन्हा धरत होतं. पुन्हा विरत होतं. झोपलेल्या मुलाची छाती हलते ना, त्याच संथ लयीत.

"उघड," मावशी कुजबुजली. "पोरीचं पोरीला परत जाऊ दे. उघड लवकर!"

गेर्गिनानं झाकणाखाली सुरीचं टोक घातलं. नुसतं दाबायचं होतं.

आणि तिचा हात थांबला.

"मावशी..."

"काय गं?"

"उघडलेली बरणी किती टिकते?"

स्तांका मावशीनं जन्मभर बरण्या भरल्या आहेत. पोराटोरांनाही माहीत असलेलं उत्तर ते. दोन दिवस. फार तर तीन.

मेणबत्ती विझेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

गेर्गिना ती बरणी दुलईत गुंडाळून, मांडीवर घेऊन सारागोसाला गेली. आता ती स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फडताळात आहे. क्रासेनला ठाऊक नाही. गेर्गिना दिवसातून कितीदा तरी स्टुलावर चढून बघते. धुकं दिसलं की खाली उतरते.

परवा तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

म्हणाली, बिल्यानानं ते फडताळ शोधलंय. रोज त्याखाली येऊन उभी राहते आणि एकच विचारते.

"आई, मी मोठी कधी होणार?"

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

गेर्गिना रडायला लागली. "काय सांगू गं? बरणी बंद ठेवली तर ती आहे अशीच राहील. आणि उघडली तर... तू सांग, मी काय करू?"

मला दोन मुलं आहेत.

अजून तिला उत्तर दिलेलं नाही.